सरांची खिडकी

तळहाताला झिणझिण्या आल्या तेव्हा मला कळलं की मी खिडकी उघडली आहे. आमच्या ऑफिसची खिडकी जुनी, लाकडी. आधी कडी वर सरकवायची आणि मग चौकटीवर तळहाताचा एक दणका द्यायचा, त्याशिवाय ती हलत नाही. दणका बसला होता. खालच्या रस्त्याचा गलका आणि समोरच्या गॅरेजमधला रंगाचा वास आत आला होता आणि मी खोलीकडे पाठ करून उभी होते. पाठीमागे, टेबलाच्या पलीकडे माझे अशील, लॉन्ड्रीवाले बसले होते. त्यांनी नुकताच मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना हे उत्तर दिलं होतं. मी वळायच्या आतच ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. समजलं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळले तोवर ते पिशवी काखेत मारून दाराशी पोचलेही होते. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं, आत कुणी आजारी झोपलं असावं तसं. काय समजलं, असं विचारायला मी तोंड उघडलं, पण जिन्यावर त्यांची पावलं वाजायला लागली होती. बाहेरच्या टेबलावरून आमचा कारकून आत डोकावला. तो माझ्या आधीच्या वकिलांच्या, आमच्या सरांच्या वेळेपासूनचा, त्याला या खोलीचं सगळं ठाऊक. त्यानं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा. कितीतरी दिवसांनी सरांची खिडकी उघडली." त्याला खरोखर बरं वाटलं होतं.

लॉन्ड्रीवाल्यांचा प्रश्न साधा होता. त्यांच्याकडे हॉटेलांच्या चादरी धुवायला यायच्या. हॉटेलं एकामागून एक बंद पडली आणि कर्ज काढून घेतलेली भलीमोठी यंत्रं नुसती उभी राहिली. माणूस सरळ. महिनोन्‌महिने इकडचं तिकडे करून पाहिलं, शेवटी बुडत्याचा पाय खोलात जातोय हे लक्षात आल्यावर माझ्याकडे आले. दिवाळखोरीचा अर्ज तयार होता, फक्त दाखल करायचा राहिला होता. आज ते सहीसाठी आले होते, पण पेन हातात घेऊन थांबले. म्हणाले, "मॅडम, आमच्या हिच्या मणक्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय. पायातली ताकद जातेय तिच्या. डॉक्टर म्हणतात उशीर झाला तर परत येणार नाही. हॉस्पिटल हप्त्यांवर करून द्यायला तयार आहे. मग हे हप्ते अर्जाच्या आधी अंगावर घेऊ, का नको?" एवढंच. आणि मी उठले.

आमच्या कायद्यात एक कलम आहे. दिवाळखोरीचा अर्ज करायला निघालेल्या माणसाला त्याच्या वकिलानं आणखी कर्ज काढायचा सल्ला द्यायचा नाही. कलम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वेगळी माणसं होती. बुडायचंच आहे तर चार नवे सोफे आणि एक टीव्ही घेऊन बुडू, म्हणणारी माणसं, आणि त्यांना घ्या घ्या म्हणणारे वकील. अशांना चाप बसावा म्हणून केलेलं कलम. पण कायद्याची मजा अशी की चाप ज्याच्यासाठी केला त्याचं बोट त्यात सापडत नाही. पुढे वरच्या कोर्टानं अर्थ लावून दिला, की बाबांनो, लबाडीसाठी कर्ज काढायला शिकवू नका एवढंच यात म्हटलंय. अशिलानं विचारलं तर काढल्यानं काय होईल, न काढल्यानं काय होईल, हे मोकळेपणानं सांगा, त्याला मनाई नाही. हे मला पाठ आहे. नवीन पोरांना मी ते शिकवते. पण गेल्याच महिन्यात आमच्यातल्या एकाची सनद स्थगित झाली. त्याचा अशील कोर्टात उलटतपासणीत अडकल्यावर सरळ बोट करून म्हणाला होता, "वकीलसाहेबच म्हणाले, घ्या म्हणून." तो खरं म्हणाला होता की खोटं, हे अजून ठरायचंय. तेव्हापासून आम्ही सगळेच जरा ताक फुंकून प्यायला लागलो होतो. मला वाटत होतं की मी त्यातली नाही.

तसं वाटायला मला कारण होतं. हीच खिडकी उघडली गेल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत होते. माझ्या बाबांचा बर्फाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी अंधारी शेड, लाकडाच्या भुशात झोपवलेल्या बर्फाच्या लाद्या, अमोनियाचा नाकात घुसणारा वास आणि बाबांची सदा गार असलेली बोटं. ताप आला की आई मला त्यांच्याकडे पाठवायची आणि ते नुसता हात कपाळावर ठेवायचे. मग घरोघर फ्रीज आले आणि बर्फ विकत घ्यायची कुणाला गरज राहिली नाही. बर्फवाल्याचं दिवाळं निघालं तर लोक हसतात. "वितळला," म्हणतात. बाबाही हसायचे. त्याच दिवसांत आईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. तिला त्या डोळ्यापुढे काळं पाणी चढत आल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते कर्जाशिवाय होण्यातलं नव्हतं. बाबा वकिलांकडे गेले, ते आमचे सर. अर्थात तेव्हा ते फक्त 'वकील' होते. बाबा परत आले आणि चपला न काढता खुर्चीत बसले.

"काय म्हणाले वकील?" आईनं विचारलं.

"काही नाही. उठले आणि खिडकी उघडली."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकी उघडली."

त्या संध्याकाळी आमच्या घरात त्या खिडकीचा कीस पडला. आई म्हणाली, वकील आहेत ते, तोंडानं सांगता येत नसेल, खिडकी उघडली म्हणजे वाट मोकळी आहे असं सुचवलं असेल. आत्या म्हणाली, भिंतीला कान असतात तसे खिडकीलाही असतात, कुणी ऐकतंय म्हणून गप्प बसा असं असेल. बाबा म्हणाले, उकडत असेल. मी आपली उठून आमच्या खोलीची खिडकी उघडून पाहिली. बाहेर शेजारीण केस पुसत उभी होती, त्यावरून मला काहीच कळलं नाही. शेवटी आई म्हणाली, "अहो, पण तुम्हाला काय वाटलं?" बाबा आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "मला वाटतं, नको." तेवढ्यावर ते संपलं. आईनं हट्ट धरला नाही, ती हट्ट धरणारी नव्हती. डोळा गेला. त्यानंतर आई उजवीकडच्या माणसाशी बोलायचं झालं की सगळी मान वळवायची. मी जेवायला नेहमी तिच्या उजवीकडे बसायचे, आणि प्रत्येक घासाला ती मान वळताना दिसायची. मग मी जागा बदलली. तेव्हाही तिच्या ते लक्षात आलं. आत्या कधी वकिलांच्या नावानं बोटं मोडायला लागली तर आई म्हणायची, "त्या बिचाऱ्या खिडकीला कशाला नावं ठेवता?"

मी वकील झाले आणि सरांकडेच ज्युनियर म्हणून लागले. लोकांना वाटलं, केवढी निष्ठा. मला फक्त एवढंच हवं होतं की एक दिवस हा माणूस माझ्यासमोर उठून खिडकी उघडेल आणि मी त्याला विचारीन, याचा अर्थ काय. तो दिवस यायला वेळ लागला नाही, कारण सर वरचेवर उठायचे. गोरेपान, सडपातळ, बोलायला अतिशय गोड. अशिलानं तो विशिष्ट प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा पुसल्यासारखा व्हायचा आणि ते उठायचे. दणका, गलका, वास. अशील बिचारा त्यांच्या पाठीकडे बघत बसायचा. कोर्टाच्या आवारात यावर विनोद होते. सरांच्या खिडकीतून कोण हो म्हणून उडी मारतं आणि कोण नाही म्हणून, वगैरे. एकदा दुपारी चहा पिताना मी विचारलंच, "सर, तुम्ही खिडकी उघडता तेव्हा अशिलानं काय समजायचं?" ते कप खाली ठेवून माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं बघायला लागले. म्हणाले, "काही नाही. त्यांनी तो प्रश्न विचारला की मला हवा कमी पडते." "पण ते काहीतरी अर्थ लावून जातात." "तो त्यांचा प्रश्न. मी एक अक्षर तरी बोललो का?" मग मी बर्फवाल्यांची आठवण करून दिली. सरांनी डोळे बारीक करून आठवून पाहिलं. "बर्फवाले? असतील," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक बिस्किट घेतलं. त्याचा मला अजून राग येतो, की घेतलं.

सर गेल्यावर ऑफिस माझ्याकडे आलं, तेव्हा मी सगळं बदलणार होते. भिंतींना रंग दिला, टेबल फिरवलं, खिडकीला पाठ येईल अशी माझी खुर्ची ठेवली. आणि खिडकी मी उघडतच नसे. कारकून उन्हाळ्यात घामाघूम होऊन मला नावं ठेवायचा, पण त्याला मी पंखा घेऊन दिला. अशिलानं तो प्रश्न विचारला की मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचे, "काढा किंवा काढू नका, यातलं काहीही मला सांगता येत नाही. परिणाम काय होतील ते सांगते, ऐका." हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बसवलं होतं. किती जणांना ते ऐकवलं असेन. आणि आज, लॉन्ड्रीवाल्यांच्या हातातलं पेन थांबलं, त्यांच्या तोंडातून ऑपरेशन हा शब्द बाहेर पडला, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या सनद स्थगित झालेल्या वकिलाचा चेहरा आला. कोर्टाच्या व्हरांड्यात तो एकटाच उभा होता आणि आम्ही सगळे घाईत असल्यासारखे त्याच्या बाजूनं निघून गेलो होतो. उद्या लॉन्ड्रीवाले असेच पिंजऱ्यात उभे राहून माझ्याकडे बोट करतील. असा विचार मी केला, असंही म्हणता येणार नाही. फक्त खोलीत श्वास घ्यायला काही उरलेलं नाही, असं वाटलं. पुढचं हातानं केलं.

दुपारपर्यंत मी कामं केली. दोन तारखा झाल्या, एकीत न्यायाधीशांनी मला दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी चष्म्यावरून पाहिलं. माझं लक्ष माझ्या तळहाताकडे होतं. तो दुखायचा कधीच थांबला असणार, पण मला तो दुखत होता. लॉन्ड्रीवाल्यांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. ऑफिसात परतले तर खिडकी उघडीच. कारकुनानं खूश होऊन तिच्या बिजागरीला तेल घातलं होतं. मी खुर्चीत बसले, आणि मागच्या बाजूला कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. वळून पाहिलं की गॅरेज, रस्ता, उन्हात वाळत घातलेलं कुणाचं तरी पायपुसणं. परत पुढे तोंड केलं की पाठीवर तेच. मागे सर उभे आहेत असं वाटलं असतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला रंगाच्या वासाखाली दुसराही एक वास होता, अमोनियाचा, ओल्या भुशाचा. मला माहीत होतं की तो तिथे नाही. आणि मग मला जाणवलं की मी डावीकडे, लहानपणी जेवताना आई असायची त्या बाजूला, बघायचं टाळतेय. टेबलाच्या डाव्या बाजूला एक रिकामं स्टूल होतं, आणि तिकडे बघितलं तर सगळी मान वळवून माझ्याकडे बघणारं कुणीतरी तिथे असेल, अशी मला भीती वाटत होती. भरदुपारी, ऐन वर्दळीत. मी पर्स उचलली आणि कारकुनाला म्हटलं, खिडकी लावून घ्या. "तेल घातलंय, आता हलकी झालीय," तो म्हणाला.

लॉन्ड्रीचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले. यंत्रांच्या गोल काचा काळ्याभोर होत्या आणि तरी सगळीकडे स्टार्चचा, गरम कापडाचा जुना वास होता, भिंतींत मुरलेला. लॉन्ड्रीवाले लांब टेबलापाशी चादरींच्या घड्या करत होते. बंद पडलेल्या हॉटेलाच्या त्या चादरी, कोपऱ्यावर त्या हॉटेलाचं विणलेलं चिन्ह. न्यायला कोणी येणार नव्हतं. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण हातातलं काम त्यांनी थांबवलं नाही. एकट्यानं मोठ्या चादरीची घडी होत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतं. तशी ती जमिनीला लागायला आली तेव्हा मी पुढे होऊन टोकं पकडली. मग बोलायला काही वेळ लागला नाही, कारण एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकं त्यांच्या हातात द्यायची.

"सकाळी तुम्ही समजलं म्हणालात. काय समजलं?"

"कशातलं?"

"मी खिडकी उघडली त्यातलं."

ते ओशाळल्यासारखे हसले. "जाऊ द्या ना मॅडम."

"नाही, सांगा."

चादर ताणून ते मागे गेले. "खिडकीचं मला काय कळतंय? तुम्ही घाबरलात, ते समजलं." मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाले, "तुम्हाला बोल लावत नाहीये. पण आपण ज्याच्या भरवशावर कोर्टात उभं राहायचं, तेच माणूस आपला प्रश्न ऐकून घाबरतं, म्हणजे प्रश्नातच काहीतरी वावगं असणार. मी घरी येऊन हॉस्पिटलला फोन केला. म्हटलं, तारीख सोडा आमची. ते म्हणाले, संध्याकाळी दुसऱ्या पेशंटला देऊन टाकतो."

मी टोकं धरून तशीच उभी राहिले. आमच्या घरात त्या संध्याकाळी खिडकीचे एवढे अर्थ निघाले, त्यात हा कोणी काढला नव्हता. बाबांना तो काढायची गरजच नव्हती, त्यांनी तो पाहिला होता. सरांची पाठ त्यांनी माझ्या कितीतरी वर्षं आधी पाहिली होती आणि तिच्यातली भीती त्यांना लागली होती, सर्दी लागावी तशी. बायकोला कसं सांगणार की वकीलसुद्धा घाबरला? म्हणून त्यांनी खिडकी सांगितली. आम्ही आयुष्यभर खिडकीकडेच बघत बसलो, आणि मी तर त्या खिडकीखाली जाऊन नोकरी धरली. मला रडू यायला लागलं होतं, पण चादर दोन्ही हातांत होती.

"तुमच्या मिसेसना भेटता येईल?" मी म्हटलं.

लॉन्ड्रीच्या मागेच त्यांच्या राहत्या खोल्या होत्या. बाई पलंगावर उताण्या होत्या, डोक्याखाली उशी नव्हती, पायांवर चादर अगदी सरळ घातलेली. पलंगाच्या डोक्याशी एक खिडकी, बंद. उजव्या बाजूला खुर्ची होती, तिथे मी बसले. बाईंना मान वळवायला त्रास होत होता तरी त्यांनी ती वळवली, सबंध, हळूहळू, आणि माझ्याकडे नीट बघितलं. लॉन्ड्रीवाले दाराशी उभे राहून म्हणाले, "वकीलबाई आल्यात."

"ओळखलं मी," बाई म्हणाल्या. "हे सांगत होते तुमच्याबद्दल. बसून बसून अवघडता म्हणे तुम्ही." आवाजात थोडी चेष्टा होती. मग ती गेली. "आता मीच विचारते. माझ्या पायांसाठी यांनी नवं कर्ज अंगावर घ्यावं, का नको?"

तिथल्या तिथे हवा संपली. गुडघे आपोआप ताठ झाले आणि माझा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. त्या बंद खिडकीची कडी कशी आहे, तेही मी बघून ठेवलं होतं.

"उठू नका," बाई म्हणाल्या. "मला उठता येत नाही. तुम्हीही बसूनच सांगा."

मी बसले. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि सांगायला लागले. कर्ज काढा, असं मी सांगू शकत नाही, आणि काढू नका, असंही सांगणार नाही. पण काढलंत तर काय होईल ते सांगते. कोर्ट विचारेल की हे कशासाठी काढलं. तुम्ही खरं ते सांगाल, आणि डॉक्टरांचे कागद दाखवाल. फेडायचंच नाही असं मनाशी धरून काढलं तर ती फसवणूक होते, तसं धरलंय का ते तुमचं तुम्हाला ठाऊक. चैनीची उधारी आणि औषधपाण्याची उधारी कोर्ट एका मापानं मोजत नाही. तरी हे कर्ज माफ होईल अशी खात्री मी देत नाही, कदाचित ते फेडत बसावं लागेल. आणि यांचा अर्ज आजच गेला पाहिजे असं काही नाही, तो थांबू शकतो. हॉस्पिटलला तुमची परिस्थिती आधी सांगा, लपवू नका. ऑपरेशन करून घेणं हा गुन्हा कोणत्याच कायद्यात नाही. बोलता बोलता माझा आवाज नेहमीसारखा झाला. सांगून संपलं तेव्हा मला वाटलं की अजून काहीतरी राहिलंय, आणि आठवून पाहिलं तर काही राहिलं नव्हतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आणखी काही येईल असं वाटत होतं बहुतेक.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."

"अहो, हॉस्पिटलला फोन लावा, तारीख दिली नसेल तर आमचीच ठेवा म्हणावं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. लॉन्ड्रीवाले फोन शोधत बाहेर धावले, कुठल्यातरी चादरीच्या घडीत राहिला होता, आणि मग बाहेरून त्यांचा मोठ्यानं बोलण्याचा आवाज आला, नाव सांगतानाचा, परत सांगतानाचा. बाईंनी मान सरळ करून घेतली आणि डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. माझं काम झालं होतं. मी आता जाऊ शकत होते. मला मात्र उठवेना.